चीवराच्या आड

प्रिय नुआन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी हसशील. लग्नाला तीन वर्षं झाली, पण मी तुला लिहून दिलेलं जे काही आहे ते सगळं फ्रिजच्या दारावर चिकटलेलं आहे: 'दूध संपलंय', 'आज डबल ड्युटी', 'पुईचं लसीकरण गुरुवारी, विसरू नकोस'. फोनवर सांगावं म्हटलं तर माझी जीभ भलतीकडेच वळते. परवा आपण वीस मिनिटं बोललो आणि त्यातली पंधरा मी पाण्याच्या फिल्टरवर घालवली. तू नुसती "हं, हं" करत होतीस. मागे पुई कशावर तरी चमचा आपटत होती आणि तुझ्या आई तिला रागे भरत होत्या. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की शाळा उघडल्यावर तू इकडे खोनकेनला परत येणार आहेस की नाही, हे मी विचारलंच नाही आणि तूही सांगितलं नाहीस. मला दुसरं काहीच विचारायचं नव्हतं, खरं म्हणजे. म्हणून हा कागद घेतला. हा तिसरा आहे, आधीचे दोन फाडून टाकले.

आज रविवार, मला सुट्टी आहे. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. दोन वाक्यं लिहितो आणि उठतो. मघाशी उठून पुईचे ते पिवळे मोजे दोरीवरून काढले. महिना झाला असेल त्यांना वाळून, उन्हाने पार कडक झालेत. भांडी घासली, एकच ताट होतं. मग न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहून भुवया बघितल्या. चीवर उतरवून साडेतीन आठवडे झाले. डोक्यावर केस बऱ्यापैकी आलेत, पण भुवयांचं काही खरं नाही. डावी अर्धवट आलीये, उजवी अजून रुसलेलीच. वॉर्डमधली पोरं टक लावून बघतात. एका चिमुरडीने तर राउंडमध्येच विचारलं, "डॉक्टर, तुमच्या भुवया कुणी चोरल्या?" सगळे हसले. तिची आई मात्र लगेच हात जोडून म्हणाली, "अगं, डॉक्टर भिक्खू झाले होते. साधु, साधु, साधु." असं दिवसातून चारदा होतं. लिफ्टवाला करतो, औषधाच्या खिडकीतली बाई करते. प्रत्येक वेळी मला वाटतं की सरळ जिन्याने पळत सुटावं.

माझ्या आईचं तर विचारूच नकोस. ती रोज फोन करते आणि आज तिने ती गोष्ट कुणाला सांगितली ते ऐकवते. कोणती गोष्ट ते तुला माहीत आहे. आता ती शेजारच्या दोन गावांतही पोचलीये. विहारात कुणी पाहुणे आले की तिला बोलावून घेतात आणि ती सांगते, "माझा लेक शहरात डॉक्टर, पण पोटची पोर समोर गुदमरत होती तरी त्याने शील मोडलं नाही. जागचा हलला नाही." हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं. वडील गेल्यापासून मी तिला इतकं आनंदात पाहिलेलं नाही. मुलगा चीवर नेसला की आईला पुण्य लागतं, हे ती माझ्या लहानपणापासून ऐकवत आली आहे. मी डॉक्टरकीची परीक्षा पास झालो तेव्हाही म्हणाली होती, "डॉक्टर झालास ते तुझ्यासाठी. माझ्यासाठी काय केलंस?" आता तिचं सगळं भरून पावलंय, आणि ते मला रोज कानाला फोन लावून ऐकावं लागतं. तिला 'बास कर' म्हणायची माझी छाती होत नाही. तुला सांगायला निघालोय त्यातलं तिला काहीच ठाऊक नाही.

फेब्रुवारीतली ती संध्याकाळ तुला आठवत असेल. तू पुईला भोपळ्याची पेज भरवत होतीस आणि मी आल्या आल्या म्हणालो, की मला पंधरा दिवसांची रजा मिळतेय, मी भिक्खू होऊन येतो. तू भांडली नाहीस. पण म्हणालीस, "तिला आत्ता कुठे बाबा कळायला लागलाय, खेम. पुढच्या वर्षी हो की. बुद्ध काय कुठे पळून चाललेत?" तेव्हा मी सांगितलं, की आमच्या वॉर्डच्या प्रमुख विलावन मॅडमनी स्वतःच म्हटलंय, रजा आत्ता घे, पुढची दोन वर्षं वॉर्डमधून कुणालाही सोडता येणार नाही. मग तुझी शाळेची सुट्टी तू माझ्या गावी, माझ्या आईजवळ काढायचं कबूल केलंस. नुआन, मॅडमनी असं काहीही म्हटलं नव्हतं. रजेचा अर्ज माझा होता आणि तारीखही मीच घातली होती. हे एक लिहून झालं. बाकीचं लिहायला जरा दम खावा लागेल.

मी खोटा भिक्खू होतो असं मात्र समजू नकोस. ते दिवस मला खरंच आवडले. तू माझी पहिली बट कापून कमळाच्या पानात ठेवलीस, आईने चीवर हातात दिलं, तेव्हा मला रडू आवरेना आणि ते रडणं खरं होतं. सकाळी आवार झाडायचं, एकदाच जेवायचं, गाथा म्हणायच्या. दोन वर्षांत पहिल्यांदा खिशात फोन नव्हता. वॉर्डमध्ये मी कधी देवळाबिवळाचं नाव काढत नाही, पण कुठल्या बाळाचं रक्त तपासायला पाठवलं की निकाल येईपर्यंत मनात बुद्धाला हात जोडतो. तशी माझी श्रद्धा आहे, तुला ठाऊक आहे. आणि पुईची ती गंमत! तिसऱ्या दिवशी तू तिला विहारात घेऊन आलीस. भुवया नसलेला हा कोण प्राणी, म्हणून आधी तिने भोकाड पसरलं. मग आवाजावरून ओळखलं आणि रांगत थेट माझ्याकडे निघाली. भिक्खूने बाईला शिवायचं नाही, मग ती दहा महिन्यांची पोटची पोर का असेना, म्हणून मी पाय आखडून घेतले, ती आणखी पुढे. मी मागे सरकलो, मग उठून चौथऱ्यावर चढलो. सगळ्या बायका पोट धरून हसत होत्या, "अगं बघा, भंते पळतायत! एवढ्याशा बाईला घाबरले!" तूही हसत होतीस. पण मला तेव्हा तिला उचलून घ्यायचं होतं. हात अक्षरशः शिवशिवत होते. एवढं लक्षात ठेव. त्या दिवशी मला नियम आठवत होता आणि नको नको झाला होता.

आता नवव्या दिवसाची सकाळ. तुला सांगायची गरज नाही, पण मला ती एकदा माझ्या बाजूने लिहायची आहे. भिक्षेला आम्ही पाचजण रांगेत निघालो होतो. पुढे विहाराचे थोरले भिक्खू लुआंगपो, मागोमाग मी. आपल्या घरापाशी तू आणि आई चटईवर गुडघे टेकून बसला होतात आणि पुई तुझ्या मांडीवर होती. आईने टोपलीतला चिकट भाताचा गोळा काढून तिच्या मुठीत दिला, "टाक गं बाबाच्या पात्रात. आज पुईच्या हातचं दान." तू म्हणालीस, "आई नको, ती तोंडात घालेल." आई म्हणाली, "आमच्याकडे सगळी पोरं भातावरच वाढली." मी हे सगळं ऐकलं. मी बालरोगाचा डॉक्टर. दहा महिन्यांच्या मुलाच्या हातात चिकट भात देऊ नका, असं आठवड्यातून दहा आयांना बजावतो. पण भिक्षेला निघाल्यावर बोलायचं नसतं, आणि खरं सांगू का, तिच्या हातचा तो घास मला पात्रात हवा होता. मी वाकलो. तिने मूठ पुढे केली, माझ्याकडे बघून हसली, आणि गोळा सबंध तोंडात कोंबला.

पुढचं तू केलंस. ती आवाज न करता तोंड उघडंच ठेवून राहिली, ओठ निळे पडायला लागले, आणि तू तिला उपडी करून मांडीवर धरलंस, डोकं खाली, आणि पाठीत तळव्याने मारायला लागलीस. एक, दोन, तीन. हे तुला मी शिकवलं होतं. ती झाल्यावर महिन्याभरातच, स्वयंपाकघरात, टॉवेलची गुंडाळी करून. तू तेव्हा म्हणाली होतीस, "घरात डॉक्टर असताना मला कशाला हे?" आणि घरातला डॉक्टर दोन हातांवर पात्र धरून उभा होता. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. फक्त एकदाच. मग पुन्हा मारायला लागलीस. बाजूला कसला तरी दणका झाला. चौथ्या की पाचव्या फटक्याला भात बाहेर पडला आणि ती रडली. मी तिथेच उभा होतो. बायका रडत होत्या, आईने जमिनीला डोकं टेकलं, आणि कुणीतरी म्हणालं, "शील राखलं हो भंतेंनी." कोण म्हणालं ते मला आजही माहीत नाही. पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मला कुणीतरी जागा करून दिली आणि मी तिच्यात जाऊन बसलो.

दोन दिवसांनी तू जेवणाचा डबा घेऊन आलीस. नियमाप्रमाणे मी अंथरलेल्या कापडावर तो ठेवलास, हात जोडलेस आणि म्हणालीस, "भंते, मी पुईला घेऊन आईकडे लोईला जाते. तिला इथलं ऊन सोसत नाहीये." मला तू कधी अहोसुद्धा म्हटलं नाहीस, आणि त्या दिवशी भंते म्हणालीस. सगळेच म्हणत होते, तुझी चूक नव्हती. पण मला कळलं, की तू मला म्हणत नव्हतीस, कपड्याला म्हणत होतीस. तुझी समजूत झाली की या माणसाला पोरीपेक्षा नियम मोठा. आणि मी ती दुरुस्त केली नाही. कारण खरं त्याहून वाईट होतं.

खरं असं आहे, नुआन. मला नियम आठवलाच नाही. चीवर, शील, भिक्खू, यातलं काहीही त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. काहीच नव्हतं. कानात एक बारीक शिट्टी वाजत होती आणि माझे हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे नुसते पात्र धरून होते. आणि हे मी ओळखलं, कारण ते पहिल्यांदा होत नव्हतं. जानेवारीत, वॉर्डमध्ये, सकाळी दहाच्या राउंडला, दोन वर्षांच्या एका मुलीला आकडी आली आणि तिचा श्वास थांबला. मी तिच्या उशाशी होतो. मास्क माझ्या हातात होता, श्वास द्यायची ती रबरी पिशवी माझ्या हातात होती. शंभर वेळा केलेलं काम. आणि मी उभा राहिलो. किती वेळ ते मला सांगता येत नाही. रम्फाताईंनी, म्हणजे आमच्या वॉर्डच्या त्या जुन्या नर्सने, माझ्या हातून पिशवी काढून घेतली आणि खांद्याने मला बाजूला सारलं. मुलगी वाचली, चार दिवसांनी हसत घरी गेली. ताईंनी कुठे काही लिहिलं नाही. चहा देताना एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, झोपत जा जरा. घरी तान्हं आहे ना?" मी म्हटलं, हो, झोप होत नाही. पुई त्या वेळी रात्रभर नीट झोपायला लागली होती. मी माझं अपयश त्या पोरीच्या नावावर घातलं. नंतर चीवराच्या नावावर घातलं. माझ्या नावावर काही ठेवायचंच नाही, असं माझं सगळं चाललं होतं.

त्या दिवसापासून मी वॉर्डमध्ये भिंतीला धरून चालायला लागलो. सीरियस मुलाच्या खाटेपाशी दुसरा कुणी आहे ना, हे बघूनच आत शिरायचो. महिनाभर असा काढला आणि मग रजेचा अर्ज दिला. आईची इच्छा होतीच, वीस वर्षांची. ती मी वापरली. तिला वाटतं मी तिच्यासाठी चीवर नेसलो, तुला वाटतं मी धर्मासाठी तुम्हाला सोडलं. मी खरं म्हणजे एका खाटेपासून पळालो होतो आणि जिथे कुणी माझ्याकडे औषध मागणार नाही अशा जागी जाऊन लपलो होतो. तिथे जाऊन मला खरोखरची शांती मिळाली, याचीच मला आता जास्त लाज वाटते. इथे मी पुन्हा उठून गच्चीत जाऊन आलो. खालच्या बाईने विचारलं, "सूनबाई कधी येणार?" मी म्हटलं, येईल की, शाळा उघडली की. माझ्याच तोंडून ऐकून मला जरा बरं वाटलं, म्हणून परत येऊन बसलो.

चतुर्दशीला सगळ्या भिक्खूंनी आपापल्या चुका कबूल करायच्या असतात. दोघं समोरासमोर उकिडवे बसतात, एक सांगतो, दुसरा विचारतो, "दिसते का तुला तुझी चूक?" आणि पहिला म्हणतो, "दिसते." मी लुआंगपोंसमोर बसलो. सत्तरी उलटलेला म्हातारा, तू बघितलंयस, बोलणं तिखट. मी म्हटलं, मला त्या सकाळचं सांगायचंय. ते म्हणाले, "तू शिवलास कुठे? मग दोष कसला? शिवायला मी निघालो होतो." त्या सकाळचा तो दणका आठवतो? ते पुढचे, मी त्यांच्या मागचा. ते चार पावलं पुढे गेले होते, वळले, बघितलं, आणि हातातलं पात्र रस्त्यावर टाकून पुईकडे धावले. पोचायच्या आतच भात बाहेर आला, म्हणून कुणाच्या लक्षात राहिलं नाही. "उचललं असतं पोरीला, आणि संध्याकाळी कबूल केलं असतं. त्यात काय एवढं? पात्राला पोचा आलाय तो बघ, तेवढंच नुकसान." मग मी त्यांना सगळं सांगितलं, जे आत्ता तुला लिहिलं ते. जानेवारीतलंही. ते गुडघे चोळत ऐकत होते. मला वाटलं, आता काही उपदेश करतील. ते म्हणाले, "दोनशे सत्तावीस नियम आहेत आणि यातलं तुझं एकातही बसत नाही. माझ्याकडे हे घ्यायला जागा नाही, बाबा. ज्या बाईला खोटं समजू दिलंस तिला जाऊन सांग. आणि ते मुलांचं हॉस्पिटल आहे, तिथेही सांग. तिथे तुझ्या भरवशावर पोरं निजलेली असतात." मी विचारलं, "आणि आईला?" तर वैतागून म्हणाले, "एका वेळी एक बाई."

तरी मला सांगायला इतके दिवस लागले. चीवर उतरवलं, इकडे आलो, एप्रिलातल्या नवीन वर्षाच्या सणाचं पाणी उडवून झालं, पुईचं पहिलंच, आणि तिच्या डोक्यावर पाणी घालायला मी नव्हतो. रोज ठरवायचो आणि रोज फिल्टरवर यायचो. शेवटी गेल्या सोमवारी विलावन मॅडमकडे गेलो. दार लावून घेतलं आणि जानेवारीचं सांगितलं, मग पुईचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून मला नीट बघितलं. म्हणाल्या, "हात गोठतात, पुष्कळांचे गोठतात. माझेही एकदा गोठले होते. पण तू तीन महिने ते लपवून माझ्या मुलांमध्ये फिरलास, याचा मला राग आला आहे." त्यांनी मला अतिदक्षतेच्या ड्युटीवरून काढलं आहे. किती दिवस ते ठरलेलं नाही. रोज दुपारी रम्फाताईंबरोबर रबरी बाहुलीवर सराव करायचा, आणि खरं मूल आलं की त्यांच्याशेजारी उभं राहायचं. बालरोगतज्ज्ञाच्या परीक्षेचं वर्ष बहुतेक वाया जाईल. बुधवारी एक बाळ आलं, श्वास अडकलेलं. ताईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि माझं मनगट धरून ठेवलं. हात चालले. पण मनगट त्यांनी धरलं होतं, तेव्हा ते हिशेबात घेऊ नकोस. सिद्ध झालंय म्हणून मी लिहीत नाहीये, अजून काहीही सिद्ध झालेलं नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं नसतं असं नाही. पण फोनवर तू लगेच काहीतरी बोलली असतीस, बहुतेक चांगलंच बोलली असतीस, आणि मी पुन्हा त्याच्या आड जाऊन बसलो असतो. मला तुझी माफी इतक्या स्वस्तात नकोय. शनिवारी मी लोईला येतोय, दुपारपर्यंत पोचेन. तुझ्या आईंना एवढंच सांग, की जेवायला आहे. आणि मला एक मागायचं आहे, त्यासाठीच हे पत्र लिहिलं. ती एक दुपार पुईला माझ्याजवळ एकटी सोड. तू मैत्रिणीकडे जा, बाजारात जा, कुठेही जा, पण दाराआड कान देऊन बसू नकोस. तिला जेवायला मी घालीन. तू हो म्हणावंस म्हणून मी देवाला काहीही कबूल केलेलं नाही. आणि तुला भरवसा वाटत नसेल, तर तसं तोंडावर सांग. मी भांडणार नाही, जेवून संध्याकाळच्या बसने परत येईन आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विचारायला येईन. फक्त 'नाही' म्हणायचं झालं तर ते मला म्हण, नुआन. भंतेला म्हणू नकोस.

तुझाच,
खेम